कोलंबी म्हणून मोरी

मम्मी,

काल तुम्ही वाकोल्याहून डबा पाठवलात. वर चिठ्ठी होती, कोलंबीचे कटलेट. सातव्या महिन्यातली भूक तुम्हाला ठाऊक आहे. सहाच्या सहा मी खाल्ले. आज तुमचा लेक मेलरॉय हसत म्हणाला, "आईने तुला मोरी खाऊ घातलीच शेवटी."

डॉक्टरांचा कागद मी तुम्हाला वाचून दाखवला होता. बांगडा, मांदेली, बोंबील नीट शिजवून खा, शार्क नको, त्यात पारा असतो. शार्क म्हणजे आपली मोरी, हेही सांगितलं. तुम्ही म्हणालात, "मोरी कुठली शार्क? मोरी ती मोरी. बाळंतिणीला दूध येतं तिने." मी नाही म्हटलं, तर तुम्ही ती कुस्करून तिची कोलंबी केलीत.

एकदा खाल्ल्याने काही होत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. मेलरॉयही तेच म्हणतो. पण माझ्या पोटात काय गेलं, ते माझ्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं.

हे पत्र तुम्हाला देणार नाही. रविवारी तुम्ही विचाराल, "आवडले ना?" आवडले. अजून दोन हवे होते, तेच डोक्यात जातंय. यापुढे तुमच्या हातचा पावसुद्धा मी आधी मोडून बघणार.

एथेल