केसो थोडाच होता

मंगळवार, ६ ऑगस्ट
दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र लिहिताना मी एका सातमजली इमारतीच्या गच्चीवर, यंत्रखोलीत, हत्यारांच्या पेटीवर बसून लिफ्टचा ब्रेक गार व्हायची वाट पाहतो आहे. तो गार होईपर्यंत मला दुसरं काम नाही, त्यामुळे सावकाश लिहितो आहे. आधी ओळभर अक्षरं, मग मागे येऊन काना, मात्रा, वेलांट्या. नववीत शाळा सुटली, पण मास्तरांनी लावलेली ही सवय काही सुटली नाही; तू मलाच मास्तर म्हणतेस ते त्यामुळेच.

तू सांगितल्याप्रमाणे काल तुझ्या मालकीणबाईंच्या मेक्सिकन हॉटेलाच्या दुसऱ्या शाखेत जेवलो. मी तुझा भाऊ आहे हे कुणालाही कळू दिलं नाही. टाको मला अजून जमत नाही. मान वाकडी करावी की टाको, हे ठरेपर्यंत आतला ऐवज शर्टावर येतो. पण टोमॅटोचा तिखट साल्सा तुझाच होता, अगदी डोळे मिटून सांगावं असा. पहिल्या घासाला काही कळत नाही, दुसऱ्याला कान गरम होतात, आणि तिसऱ्याला माणूस अनोळखी शेजाऱ्याशी बोलायला लागतो. समोरच्या टेबलावर काळ्या कोटातले एक वकील होते. तिसऱ्या घासाला त्यांनी आपला पाण्याचा जग माझ्याकडे सरकवला आणि, सांभाळून, असं म्हणाले. मी वेटरला मुद्दाम विचारलं की हा करतं कोण. तो म्हणाला की मोठ्या शाखेत एक बाई आहेत, त्यांनी तो बसवून दिला आहे, आम्ही फक्त त्यांचं ऐकतो. ताई, मी नुसताच चमचा पुसत बसलो.

एक शंका आहे. मेनूवर क्वेसो छापलं आहे, काचेवरच्या पाटीवर क्वेझो, आणि तू म्हणतेस केसो. ते वितळवलेलं चीज कुठल्याही नावाने चांगलंच लागतं, पण लिहिताना एक काय ते ठरायला हवं. मी तुझं धरतो. क ला मात्रा, स ला काना-मात्रा. केसो.

दादांना त्यांच्या लेकाचा नमस्कार सांग. माझ्यावरचा लोभ मंद आचेवर का होईना, चालू ठेव.

तुझा धाकटा

*

रविवार, ११ ऑगस्ट

चि. मास्तर,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र स्वयंपाकघरात सगळ्यांना वाचून दाखवलं. वकिलाच्या जगापाशी भांडीवाली मावशी इतकी हसली की हातातली परात सुटली. आता रोज कुणीतरी विचारतं की तुझ्या भावाने काल शर्टावर काय सांडलं.

आता कामाचं. मालकीणबाईंचे गुडघे पार गेले. चार शाखांच्या चार भट्ट्यांपुढे उभं राहणं त्यांना होत नाही. या महिनाअखेर त्या चारही स्वयंपाकघरांवर एकच माणूस नेमणार आहेत. नावं दोन आहेत. एक उस्ताद, जे लांबच्या चौथ्या शाखेत वीस वर्षं आहेत आणि ज्यांनी मला कांदा धरायला शिकवला. दुसरं माझं. मी इथे भांडी घासायला आले होते, हे तुला माहीत आहे आणि इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. ती जागा मला हवी आहे, मास्तर. उगाच नको-नको म्हणणार नाही, फार हवी आहे.

मला इथून हलता येत नाही, आणि तुला तुझी कंपनी गावोगाव फिरवते. तू चौथ्या शाखेतही जेव. माझी लाज राखायला गोड लिहू नकोस. दादा म्हणतात की भाऊ बहिणीची परीक्षा घेतो तेव्हा शंभरातले एकशेदहा देतो. मला खरे मार्क हवेत. उणं दिसलं तर उणं लिही.

दादांचं शिवणाचं यंत्र बंद आहे. डोळे दुखतात म्हणतात, पण शेजारणीशी तासभर भांडायला डोळे लागत नसावेत. कुणी माझी विचारपूस केली की मुलगी हॉटेलात आहे एवढंच सांगतात आणि विषय बदलतात.

वेळेवर जेव, आणि शर्ट गडद रंगाचा घाल.

तुझी ताई

*

शनिवार, १७ ऑगस्ट
सकाळचे अकरा

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल चौथ्या शाखेत गेलो. तू म्हणालीस म्हणून खरे मार्क देतो.

खोली स्वच्छ. टेबलाचे चारही पाय जमिनीला टेकलेले, हे मी वाकून पाहिलं. भिंतीला हिरवा रंग, कोपऱ्यात काटेरी झाडाची कुंडी, आणि तिला पाणी घालू नये अशी पाटी. 'पाणी'तला णी दीर्घ, म्हणजे बरोबर. साल्सा तुझाच, दहापैकी दहा. बुरितोच्या गुंडाळलेल्या पोळीतले बीन मऊ, पण पीठ झालेले नाहीत. भात सुटा.

उणं एकच. बुरितोत केस होता, पण थोडाच, एका टोकाला. वेटरला तसं सांगितलं, तर तो शांतपणे म्हणाला की इथे सगळ्यांना तेवढाच येतो, जास्त हवा असेल तर वेगळे पैसे पडतील. मी राहू दे म्हटलं आणि आहे तेवढ्यावर भागवलं. पण मनात आलं की ताईच्या हातून असं कधी होणार नाही.

उस्ताद लांबून दिसले. पाठमोरे होते, तव्यावर वाकलेले. माणूस कामाचा वाटला. तरी माझा कौल तुलाच, आणि तो भाऊ म्हणून नाही.

खाली तिसऱ्या मजल्याजवळ दोन माणसं अडकली आहेत, घंटा सारखी वाजते आहे. पत्र पुन्हा वाचायला वेळ नाही, तसंच पाकिटात घालतो.

लोभाची दारं उघडी असू देत, आमच्या लिफ्टसारखी अर्ध्यात अडकू नयेत.

तुझा धाकटा

*

बुधवार, २१ ऑगस्ट

चि. मास्तर,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. बुरितोत केस! आणि वेटर म्हणतो की सगळ्यांना तेवढाच येतो? जास्त हवा तर पैसे पडतील? अरे, हा कसला निर्लज्जपणा! आणि तू तो गिळलास? आहे तेवढ्यावर भागवलं म्हणजे काय भागवलंस? मेल्या, लहानपणी दुधावरची साय दिसली तर घर डोक्यावर घ्यायचास.

पत्र दोन दिवस माझ्या ऍप्रनच्या खिशात आहे. दादांना दाखवलं. ते म्हणाले की नशिबाने हुकमाचं पान हातात दिलंय, सरळ बाईंच्या टेबलावर ठेव. मावशीही तेच म्हणाली. खोटं कशाला सांगू, काल मी बाईंच्या दारापर्यंत गेले. पत्र हातात होतं. आत बाई गुडघ्याला तेल चोळत होत्या, त्यांनी काय गं म्हणून विचारलं. मी मिरच्या संपल्या म्हणून सांगितलं आणि परत आले.

मला ती जागा हवी आहे, पण अशी नको. ज्या माणसाने माझ्या हातात सुरी दिली, त्याच्या पाठीवर ती चालवून मिळालेली गादी मला टोचेल. सोमवारी माझी सुट्टी आहे. बसने उस्तादांकडे जाते, मागच्या दाराने. त्यांच्या स्वयंपाकघरात काय चाललंय ते त्यांना एकट्याला सांगते. बाईंना काय सांगायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं. दादा माझ्याशी बोलत नाहीत. बोलायचं नाही हे सांगायला दिवसातून चार वेळा येतात.

तू मात्र बाहेर खाताना नीट बघून खा.

तुझी ताई

*

शुक्रवार, ३० ऑगस्ट

अरे विद्वाना,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी हे वाच.

सोमवारी मागच्या दारी पोचले तेव्हा उस्ताद कोथिंबीर निवडत होते. मला पाहून उठले, स्टूल दिलं, पाणी दिलं. मी म्हटलं की एकट्याशी बोलायचं आहे. त्यांनी पोरांना बाहेर काढलं. मग मी खाली मान घालून सांगितलं की तुमच्या इथल्या बुरितोत केस निघाला.

वर पाहिलं तर उस्तादांनी टोपी काढून हातात घेतली होती. डोकं लख्ख, ताटासारखं. मग त्यांनी हाक मारून तव्यावरच्या दोघांना आत बोलावलं आणि टोप्या काढायला लावल्या. तेही गुळगुळीत. भट्टीचा ताप सोसत नाही म्हणून तिघे एकाच न्हाव्याकडे जातात. उस्ताद म्हणाले की पोरी, या स्वयंपाकघरात केस मिळवायचा तर मला गावात माणूस पाठवावा लागेल.

मी हट्टाने तुझं पत्र पुढे केलं. त्यांनी चष्मा लावला आणि ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग वेटरला बोलावून विचारलं की बुरितोत काहीतरी थोडंच आहे असं कोण म्हणालं होतं. तो लगेच म्हणाला की तो सडपातळ माणूस, वाकून टेबलाचे पाय बघणारा, त्याला केसो जास्त हवा होता आणि पैसे पडतील म्हटल्यावर गप्प झाला. ते ऐकलं मात्र, उस्ताद पिठाच्या पोत्यावरच बसले. असे हसले की चष्मा पिठात पडला. मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं. दुनियेच्या पाट्यांमधल्या चुका काढतोस, आणि माझ्या केसोचा एक काना-मात्रा तुला पेलवला नाही?

हसून झालं, तेव्हा मी म्हटलं की आलेच आहे तर खरं बोलते. केस नव्हता हे छान, पण केसो कमी होता हे तर खरं ना? तो एका टोकाला का? त्यावर ते जरा तापले. बाई खर्च आवरायला सांगतात, मग कुठून तरी कापावंच लागतं, म्हणाले. मी म्हटलं की ताटाची सजावट कापा, केसो कापू नका, माणूस त्यासाठी येतो. बराच वेळ वाद झाला. शेवटी त्यांनी एक बुरितो माझ्यासमोर गुंडाळला, केसो या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि बशी माझ्यापुढे सरकवली.

बुधवारी उस्ताद स्वतः बाईंकडे आले. मला बाईंनी नंतर सांगितलं. ते म्हणाले की हिच्या खिशात माझं नाव कापणारा कागद होता, आणि ही आधी माझ्या मागच्या दाराशी आली. आली ती आली, वर मला तोंडावर सुनावून गेली. चार स्वयंपाकघरं अशाच माणसाला द्यावीत, मी हिच्या हाताखाली आनंदाने राहीन.

काल बाईंनी सगळ्यांसमोर माझं नाव सांगितलं, मास्तर. मावशीने परात वाजवली.

आणि दादा! डोळे दुखतात म्हणणाऱ्या आपल्या बापाने रातोरात यंत्रावरचं फडकं काढलं. माझा पांढरा कोट शिवला, मापही घेतलं नाही, आणि तो खांद्यावर असा बसला की मी आरशासमोर रडले. आज सकाळी गल्लीत कुणीतरी विचारलं तर ते म्हणाले की मुलगी हॉटेलात नाही, हॉटेलं मुलीच्या हातात आहेत.

आता घे, अनेक उत्तम आशीर्वाद. चुकलास ते बरंच केलंस, पण पुन्हा चुकू नकोस.

तुझी ताई

*

बुधवार, ४ सप्टेंबर
दुपारचे दोन

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी मुक्काम बदलल्यामुळे तुझी दोन्ही पत्रं आज एकदमच हातात पडली. आधीचं पत्र पहिल्यांदा वाचलं आणि लॉजच्या जिन्यात बसलो. माझ्या एका काना-मात्रेने तू बाईंच्या दारापर्यंत गेलीस! तू आत जाऊन ते पत्र ठेवलं असतंस तर एका भल्या माणसाचं नाव माझ्या अक्षराने गेलं असतं. दुसरं पाकीट फोडायला हात धजेना. शेवटी लॉजच्या मॅनेजरनेच फोडून दिलं. मग वाचता वाचता मी उभा राहिलो, आणि तो घाबरून विचारू लागला की बातमी चांगली आहे ना. मी त्याला कोटापर्यंतचं सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. तो अनोळखी माणूस, पण त्यानेही डोळे पुसले.

लगेच बस धरून चौथ्या शाखेत गेलो आणि उस्तादांसमोर उभा राहून माफी मागितली. त्यांनी मला नीट खालपासून वरपर्यंत पाहिलं, टोपी काढून डोकं दाखवलं आणि सांगितलं की आता नीट तपासून घे, नंतर तक्रार नको. मग स्वतः वाढलं. बुरितो कापला, तर केसो दोन्ही टोकांना.

तू सांगितलं होतंस की मी कोण हे कळू देऊ नये. ते मला आज पाळता आलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वेटरला विचारलं की आज चव वेगळी कशी, तर तो म्हणाला की आमच्या चारही शाखांवर आता नवीन बाई आल्या आहेत. मी हातातला घास खाली ठेवला आणि म्हणालो की ती माझी ताई. जरा मोठ्याने झालं असावं, कारण सगळ्या खोलीने वळून पाहिलं. पाहू दे.

माझा नमस्कार दादांच्या पायांवर आणि त्यांच्या यंत्रावरही. तुझ्या चार घरांत मला कोपऱ्यातलं एक स्टूल कायम असू दे, एवढंच मागणं.

तुझा धाकटा

ता. क. कंपनीला पाठवायचा आजचा हिशोब तुलाही उतरवून देतो, प्रत्येक शब्द दोनदा तपासला आहे.

बस, जाऊन-येऊन: ६४
लॉज: ३५०
तेलाचा डबा: ११०
देणे, लॉजच्या मॅनेजरकडून उसने घेतलेले: ४०
बाहेरचे जेवण: नाही. घरी जेवलो.