चौदाव्या पानावर मी नको

शुक्रवार पेठ, सोलापूर
१२ सप्टेंबर १९३४

प्रिय मायाक्का,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आई शेजारी शेंगा फोडत बसली होती. "काय म्हणती मायाक्का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "बरी आहे." आईला सांगण्यासारखं त्यात एवढंच होतं.

तुमच्या मासिकाच्या दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ माझं, हे आषाढात तूच मुंबईहून कळवलंस. मी इथल्याच मागावरचं जांभळं लुगडं नेसून रुद्रप्पांच्या स्टुडिओत फोटो काढला. त्यांनी कॅमेऱ्याच्या चार काचा वाया घालवल्या, पण मनासारखा फोटो आल्याशिवाय मला सोडलं नाही. आता तू लिहितेस, मुखपृष्ठावर कुमुदबाला येणार, कारण तिचा फोटो बर्लिनच्या एका वर्तमानपत्रात छापून आलाय. मला चौदाव्या पानावर अर्धी जागा. संपादकांचं वाक्यही तू जसंच्या तसं उतरवलंस: "सुंदरम्माला देश ओळखतो, पण कुमुदबालेला आता जग ओळखतं."

कुमुदवर माझा राग नाही. चांगली नटी आहे, पडद्यावर माझ्याहून चांगली रडते. पण गेल्या वर्षी तिचाच फोटो तुमच्या संपादकांनी रंग सावळा म्हणून परत पाठवला होता. ती माझ्या खोलीत येऊन रडली, तेव्हा समोर कॅमेरा नव्हता. बर्लिनच्या कागदावर तोच रंग उजळला का?

आणि जग म्हणजे कोण, हेही त्यांना विचार. माघात वैराग गावच्या तंबूत माझा बोलपट लागला, तेव्हा तंबूच्या मालकानं मला मुद्दाम नेलं होतं. पहिल्याच खेळाला फीत तुटली. बायका जागच्या हलल्या नाहीत. दगडाबाई म्हणून भाजी विकणारी एक बाई उठून माझ्याजवळ आली, माझा पदर हातात धरून म्हणाली, "बाई, ह्यो पदर असा कसा घेतलाय, दावा की." मी कंदिलाच्या उजेडात उभी राहून दोनदा दाखवलं. पुढच्या बाजारात निम्म्या बायकांनी तसाच पदर घेतला होता, असं तंबूवाल्यानं कळवलं. पेशावरहून, मद्रासहूनही मला बायकांची पत्रं येतात. काठ कुठला, पोलक्याची बाही किती, विचारतात. तुमचं मासिक नेसण्या-सजण्याचंच ना? मग नेसतं कोण, हे बघायला बर्लिनला कशाला जायचं?

मी नटी झाले तेव्हा सगळ्या पेठेनं मला टाकलं. तू एकटी, वडिलांचा मार खाऊनही, आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायचीस. म्हणून तुझ्यावर चिडतानाही हात आखडतो. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंस, "परदेशातलं एखादं कात्रण तुझ्याजवळ असतं, तर मी तुझ्यासाठी भांडले असते." संपादकांचं वाक्य मला लागलं नाही, हे लागलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. उन्हाळ्यात फ्रान्सचा एक छायाचित्रकार आमच्या कंपनीत आला होता. त्यानं काढलेला माझा फोटो जानेवारीत पॅरिसच्या एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर येतोय. तसं त्यांचं पत्र तुझ्या पत्राच्या चार दिवस आधी आलंय, माझ्या पेटीत आहे. तुमच्या संपादकांना हे कळलं तर उद्या मला तार येईल. कळवू नकोस. चौदाव्या पानावरूनही मला काढ आणि रुद्रप्पांचा फोटो परत पाठव. मला मुखपृष्ठावर घ्यायचं तर वैरागच्या बायकांसाठी घ्यावं, पॅरिससाठी नको. तुला भांडायचं असेल तर पॅरिसच्या पत्राशिवाय भांड. नाही जमलं तरी दिवाळीला ये, आई वाट बघते. पण हे त्यांना सांगून तू मला मुखपृष्ठ मिळवून दिलंस, तर येऊ नकोस.

तुझीच, अजून तरी,
सुंदरम्मा