कुडकुडेल तिला एक फेरी जास्त

प्रिय धाकट्या,

मुलींचा सॉफ्टबॉलचा सराव कसा चाललाय, असं तू काल फोनवर विचारलंस आणि मी झकास म्हणून मोकळी झाले. झकास कसलं डोंबल! शिसारी आलीय मला. उन्हाची वेळ मुलांच्या संघाला, आणि आमच्या चौदा पोरींना सकाळचे साडेसहा, गवत दंवाने ओलंचिंब असताना. का, तर म्हणे मुलींना लवकर शाळा असते. जशी मुलांना शाळाच नसते! हे ठरवणारे सचिवसाहेब स्वतः नवाच्या आत पांघरुणातून पाय बाहेर काढत नाहीत. पालकांचं तर बोलूच नकोस. काचा वर करून, हीटर लावून गाडीत बसतात आणि हॉर्न वाजवून शाबासकी देतात. एकाने काच दोन बोटं खाली केली, ती केळ्याची साल टाकायला.

मी माझ्या परीने करते. चेंडू शेकायच्या पिशवीबरोबर डब्यात ठेवते, नाहीतर गारठलेला चेंडू बॅटवर बसला की कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. अंग तापल्याशिवाय कुणाला स्वेटर काढू देत नाही. पण चेंडू टाकणारीचा हात उघडाच लागतो, म्हणून तिच्या खिशात गरम उकडलेला बटाटा देते. तुझी लेक तो तिसऱ्या चेंडूलाच खाऊन टाकते. आणि एक नियम केला, जी कुडकुडेल तिला मैदानाला एक फेरी जास्त. ओळखलास ना? बाबांचाच. थंडी मनात असते म्हणत त्यांनी आपल्याला पळवलं, गारठ्यात चेंडू फेकायला लावले, आणि तुझा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. त्यांना नावं ठेवण्यात माझी तरुणपणाची वर्षं गेली. परवा तेच वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मी चक्क खूश झाले, कारण एकही पोर कुडकुडत नव्हती. दातावर दात दाबून उभ्या होत्या सगळ्या. मला वाटलं, तयार झाल्या. अक्कल गहाण टाकली होती मी.

आता जे फोनवर बोलायला तोंड उघडलं नाही ते लिहिते. तुझी लेक बाथरूममध्ये घसरून पडलेली नाही. रविवारी मी तिला एकापाठोपाठ नव्वद चेंडू टाकायला लावले. अर्ध्यातच तिची बोटं बधिर झाली होती. पुढचे नुसत्या खांद्याच्या जोरावर फेकले तिने, आणि फेरी नको म्हणून हूं की चूं केलं नाही. शेवटी खांदा धरून मटकन खाली बसली. घरी आत्याचं नाव येऊ नये म्हणून खोटं बोलली, आणि तू ते मला सांगत होतास तेव्हा मी गप्प राहिले. एवढी घोडी झालेली बाई तेरा वर्षांच्या पोरीच्या खोट्याआड लपली. माझीच मला किळस येते. डॉक्टर मुका मार समजून तिला आठवड्यात खेळायला सोडतील, म्हणून पत्र हातात पडताच त्यांना खरं सांग. मग मला हवं ते बोल, तिला मात्र रागावू नकोस. तिने आज निरोप धाडलाय की शनिवारी ती येणारच. पाठवू नकोस.

तुझीच, तोंड दाखवायला लाजणारी,
ताई