सिरीजच्या फळीवरील दुसरा बल्ब न विझल्याबाबत

प्रति,
मा. कार्यवाह,
ज्ञानवल्ली शिक्षण मंडळ,
इंदूर.

विषय : नमुना पाठाच्या वेळी दुसरा बल्ब न विझल्याची चौकशी होणेबाबत व सदर फळी भंगारात न देणेबाबत.
संदर्भ : पर्यवेक्षिका मनोरमाबाई टोकेकर यांचा दि. ११ नोव्हेंबर २०२५ चा शेरा.

महोदय,

मी आपल्या मुलींच्या शाळेत तीन वर्षांपासून तात्पुरत्या नेमणुकीवर दहावीला विज्ञान शिकवते; प्रयोगाचे तास मात्र मनोरमाबाई स्वतःच घेतात. येत्या शनिवारी, दि. २२ रोजी, मंडळ एका शिक्षकास कायम करणार आहे. उमेदवार दोनच, मी आणि पुष्कर सर. त्यासाठी दि. ११ रोजी निवड समितीसमोर माझा नमुना पाठ झाला. विषय होता सिरीज आणि पॅरलल जोडणीची तुलना.

१. सिरीजमध्ये एक बल्ब काढला की विजेची वाट तुटते व दुसरा विझतो. पॅरललमध्ये प्रत्येकाची वाट वेगळी, म्हणून दुसरा चालू राहतो. हे मी मुलींकडून दोनदा म्हणवून घेतले आणि प्रयोगशाळेच्या लाकडी फळीवर ‘सिरीज’ लिहिलेल्या बाजूचा एक बल्ब काढला. दुसरा विझला नाही. बसवून पुन्हा काढला. दुसरा ढिम्म. समितीतले एक सदस्य हसले. मनोरमाबाईंनी शेरा लिहिला, “शिक्षिकेस मूलभूत जोडणी येत नाही.” महोदय, मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

२. आदल्या दिवशी पुष्कर सर ‘फक्त चुंबक घ्यायला’ प्रयोगशाळेत गेले होते. चुंबक घ्यायला कोणी वीस मिनिटे लावत नाही. शिवाय पाठ बिघडल्यावर त्यांनी मला स्वतःहून कचोरी आणून दिली, तीही तीन वर्षांत पहिल्यांदा. किल्ली परिचर बाळकृष्णजींकडे असते. त्यांना खोदून विचारले, तर नजर चुकवत म्हणाले, “मॅडमजी, ये तो शुरू से ऐसाच आहे. कुणी पूछलंच नाही, तर मी काय सांगू?” हे उत्तर मला तेव्हा पढवलेले वाटले.

३. म्हणून दि. १४ रोजी बाळकृष्णजींच्याच समक्ष फळीचे मागचे प्लाय उचकटले. तारेला ताजा काप सापडेल अशी माझी खात्री होती. सापडली ती जळमटे आणि गंजलेले खिळे. डाग दिलेले सांधे काळे पडलेले आणि दोन्ही बाजूंची जोडणी पॅरलल. आतून सुताराने पेन्सिलीने लिहिले आहे, ‘जून २००९’. म्हणजे फळीला सोळा वर्षांत कोणी हात लावलेला नाही. त्यापुरते पुष्कर सर निर्दोष आहेत. कचोरीचे कारण अद्याप समजलेले नाही.

४. मग सोळा वर्षे मुली बघत काय होत्या? कपाटात २०१२ पासूनच्याच जुन्या प्रयोगवह्या होत्या, त्या काढल्या. एकशे शहाऐंशी भरल्या आणि सगळ्यांत एकच निरीक्षण, “दूसरा बल्ब तत्काल बुझ गया.” प्रत्येकीचा तोच ‘तत्काल’! एवढ्या मुलींना आपापल्या मनाने एकच शब्द सुचतो यावर माझा काडीचा विश्वास नाही. सर्वांखाली मनोरमाबाईंची सही आणि दहापैकी दहा गुण. बाळकृष्णजींकडून कळले की बाई दरवर्षी एकच ‘नमुना वही’ वर्गात देत आणि मुली ती उतरवून घेत. ती वही त्याच कपाटात खाकी कव्हरात मिळाली. आता चोर सापडला, असे म्हणत मी कव्हर काढले. आत नाव होते मोनाली अश्वजित तायडे, दहावी ब, २०१२.

५. महोदय, ती वही माझी आहे. त्या दिवशी मला फळी दिसलीच नव्हती. बावन्न मुली, फळी एक आणि मी सगळ्यात मागे. पुस्तकात होते ते सुवाच्य अक्षरात लिहून दिले. बाईंनी वही वर्गभर फिरवली, तेव्हा बाबांनी महूला घरोघर पेढे वाटले होते. आज त्या पेढ्यांची मला लाज वाटते.

६. मनोरमाबाईंनी फळी उद्याच भंगारवाल्याला देण्यास सांगितले आहे. सोळा वर्षे ठेवली, मग आताच एवढी घाई का, हे त्यांना विचारावे व फळी थांबवावी. मला समितीसमोर उघड्या फळीवर पुन्हा पाठ घेऊ द्यावा. तसेच २०१२ च्या वहीतील माझे दहा गुण रद्द करावेत.

७. आणखी एक गोष्ट कोणी विचारलेली नाही, तरी सांगते. नमुना पाठाला बसलेल्या वल्लरी नावाच्या मुलीने वहीत लिहिले होते, “दूसरा बल्ब नहीं बुझा.” त्यावर तांबडी फुली मारलेली आहे. ती पुष्कर सरांनी मारलेली नाही, मनोरमाबाईंनीही नाही. समिती वह्या मागवेल आणि पुस्तकाविरुद्धचे उत्तर मी चालवून घेतले म्हणेल, या धास्तीने त्याच दुपारी मीच मारली. काल वर्गासमोर ती फुली खोडून मी तिला दहापैकी दहा दिले व सही केली. शनिवारी माझे काय ठरायचे ते ठरो, ती सही मी मागे घेणार नाही.

आपल्या शाळेची माजी विद्यार्थिनी व अद्याप शिक्षिका,
मोनाली अश्वजित तायडे
इंदूर, दि. १८ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१. प्लाय काढलेल्या फळीचे दोन फोटो.
२. नमुना वही, खाकी कव्हरासह.
३. वल्लरीची प्रयोगवही. पाहून लगेच परत करावी, तिला पुढचा प्रयोग लिहायचा आहे.