तारेवरची जीनची पॅन्ट

३० नोव्हेंबर, रविवार

सर्वात पयले आले ते पुंडलिकराव, नवरदेवाचे मामा! देवळीचे पाहुणे माह्या नातीले, अपेक्षाले, पाहाले चार वाजता येणार होते, अन् हे दोनलेच अंगणात उभे. मागून पोराची आई छायाबाई. तिच्यामागं पोरगं किशोर, मान खाली. मी वांग्याच्या वाफ्यातून नुकतीच आलती, हात काट्यानं भरलेले.

अन् वर तारेवर आमच्या अपेक्षाची नवी जीनची पॅन्ट टपटप गळून राह्यली! पाहुणे येऊन राह्यले, आवरून ठेवू म्हणून दुपारीच धुतली ना मी. गरम पाणी, मूठभर सोडा, अन् दगडावर मोगरीनं बडवली — शेतातले कपडे बडवतो तशी. अर्धा रंग न्हाणीत गेला. उरलेला मामाच्या पांढऱ्या टोपीवर!

"हे कोणाची जी?" मामा वर पाहून म्हणे.

सून कोकिळा पांढरीफट्ट. अपेक्षा साडी नेसून, चहा घेऊन दारातच थांबली. मी म्हणलं, "माझी! वांग्याच्या काट्यापायी लुगड्याखाली घालतो."

छायाबाई इतक्या हसल्या, ठसकाच लागला. मले लय आनंद. वाचवलं पोरीले!

१ डिसेंबर

नात बोलत नाई. गुडघे दुखून राह्यले.

२ डिसेंबर, मंगळवार

बोलली एकदाची. रोज गाडीवर वर्ध्याले नोकरीले जाते, जीन घालूनच. म्हणे, "आजी, त्या घरी मी काय घालू? तिथंबी तुझीच म्हणून सांगू?" पोरगा तिले आवडला. पण, "फसवून नाई जात मी."



मंग पॅन्टीवरून बोलणे खाल्ले. "सोडा काऊन टाकला वं? जीन उलटी करून थंड्या पाण्यात धुतात. येगळी. पिळाची नाई, सावलीत टांगाची. अन् दरवेळी धुवाचीच नाई!" ऐकूनच थकली मी. मांडीवर मोगरीचे पांढरे पट्टे पडले. असे पट्टे मुद्दाम पाडून दुकानात विकतात म्हणे! मंग मी काय वाईट केलं? नात हसली थोडीशी.

३ डिसेंबर

छायाबाईले फोन लावला. सांगून टाकलं — "पॅन्ट पोरीची हाय. ते तीच घालते. पटत असंल तर पाहा." तिकून म्हणे, "बरं, घरी बोलतो."

कोकिळा चिडली. "तोंड उघडाची काय गरज होती, आई?"

४ डिसेंबर

फोन नाई. वांगे तोडले. मंग पॅन्ट उलटी करून थंड्या पाण्यात धुतली. पिळली नाई. ओली पॅन्ट किती जड असते बाई! हात गळून गेले. सावलीत टांगली, न्हाणीमागं — कोणाच्या टोपीवर गळाले नको.

फोन नाईच.

५ डिसेंबर, शुक्रवार

छायाबाईचा फोन! म्हणे, "बाई, आम्ही त्या दिवशीच ओळखलं. त्या पॅन्टीची कंबर कुठं अन् तुमची कुठं!" मामा रस्ताभर हसत गेले म्हणे. सुपारीची तारीख धराले किशोरले सुट्टी भेटत नव्हती, म्हणून फोन राह्यला.

सुपारी फोडाले येतात. पोरीले तेच पॅन्ट घालून बसवजा म्हणल्या. येत्या चौदा तारखेले, रविवारी.