गळाच्या काठीवरची एरियल

जुरोंग ईस्ट, सिंगापूर
२ मार्च

रघुवीर भाऊजींस जयवंतीचा नमस्कार वि. वि.

तुम्ही बोलून मोकळे झालात, इथे महिना झाला यांचा रेडिओ खोक्यात पडलाय. सगळी नोकरी जहाजावर मोर्सची टकटक करून ज्यांनी जगाशी बोलणं केलं, त्यांना धाकट्या भावाने कळवायचं, की दादा, तुझा हात कापतो, अक्षर लागत नाही, आता व्हॉट्सअॅपवर ये. जीभ कशी वळली हो तुमची? नंतर बिल्डिंगच्या ऑफिसने खिडकीतली तार काढायला लावली, तर हे भांडलेसुद्धा नाहीत.

मी तार पार्कात नेऊन उभी करणार. उचलून नेता येईल अशी एरियल कशी बांधतात ते लिहा. मी चौथी शिकलेय, शहाणपणा न करता लिहा. आमची गार्गी इथल्या पोरांच्या बोलीत म्हणते, मम्मी, रेडीमेड मिळते लाह. विकतच्याला हे हात लावायचे नाहीत. फोन करू नका, यांचे कान इकडेच असतात.

जयवंती

देवगड
१८ मार्च

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

पत्र वाचून मान खाली गेली. रेडिओवर दादाचं एकेक अक्षर जुळवावं लागत होतं, वहिनी. हा दादाचा हात, हे सोसवेना, म्हणून बोलून गेलो.

गळाची फायबरची काठी घ्या, एकात एक सरकणारी. कार्बनची नको, तिच्यातून वीज वाहते, ती मध्ये लुडबुडते. काठीवर पाच मीटर तार चढवा. बुडाशी तेवढ्याच चार तारा जमिनीवर चहूकडे पसरा. केबलची मधली तार वरच्या तारेला, बाहेरची जाळी खालच्यांना. पण दादाचं मन नसेल तर हट्ट धरू नका.

रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमचा रघुवीर

जुरोंग ईस्ट
१२ एप्रिल

रघुवीर भाऊजींस नमस्कार.

हट्ट धरला. दुकानदार कार्बनचीच काठी गळ्यात मारत होता, परत केली. डाख देताना दोन बोटं भाजली. रविवारी सामान ट्रॉलीत घालून वेस्ट कोस्ट पार्कात समुद्रापाशी गेलो. हे पाठ करून बाकावर बसले.

खालच्या तारा लोकांच्या पायात येतील म्हणून मी त्या छान गुंडाळून काठीला बांधल्या. रेडिओ मुका. मी काठीला चार शब्द सुनावले. तेव्हा हे उठले, म्हणाले, अगं, पाय बांधून ठेवलेस तर उभी कशी राहील ती. गुडघे टेकून स्वतः तारा पसरल्या. हात कापत होता, तरी पसरल्या.

मग यांनी टकटक केली. फिलिपिन्सचा कुणी अनोळखी रेडिओवर आला. यांना नाव पाठवायला वेळ लागला, तो थांबला. उत्तरही यांच्याच चालीने दिलं, तितकंच सावकाश. मी म्हटलं, त्याचाही हात कापतो की काय. हे म्हणाले, समोरचा ज्या वेगाने येतो त्याच वेगाने जायचं, ही आमच्यातली रीत आहे. मी विचारलं, भाऊजींना ठाऊक नाही वाटतं. म्हणाले, त्याला मीच शिकवली. आणि तारा गुंडाळत बसले.

तर ऐका. चार मेच्या रविवारी आम्ही पुन्हा तिथेच. हे तुम्हाला हाक मारणार नाहीत, मी ओळखते त्यांना. हाक तुम्ही मारायची, आणि सावकाश. अक्षर जुळवायला संध्याकाळ झाली तरी बसायचं. माया मागितलीत ना, ती अशी मिळते. येताय की नाही, तीस तारखेला अक्षय्यतृतीया आहे, त्याच्या आत मला कळलं पाहिजे.

जयवंती