सोरिनने जेवणाला नावं ठेवली

सोरिनच्या बाबांना,
बुसानहून ओक्हीचा नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुम्ही वेळेवर जेवता ना?

इथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे सोरिनने काय आणि किती खायचं ते मीच ठरवते, आणि ती संपवेपर्यंत शेजारून उठत नाही. महिनाभर तिने मला वैरीण म्हटलं. एकदा वाटी भिंतीवर आपटली, ते तुम्हाला कळवलं नव्हतं.

काल मात्र तिने सगळा भात आणि अख्खा बांगडा संपवला. वर म्हणते, "आई, मासा खारट झालाय. बाबा किती छान भाजतात!"
"मग त्यांच्याच हातचा खा."
"खाईन की!"

अन्न सोडल्यापासून दीड वर्षात पोरीने पहिल्यांदा चवीची तक्रार केली हो! मी मोरीत जाऊन पोटभर रडले.

आम्ही दोघी शनिवारच्या बोटीने घरी येतोय. आता रात्रीचं जेवण तुम्ही वाढायचं. ती रडली तरी डगमगायचं नाही.

तुमची,
ओक्ही